स्थळाचे गुणदोष

निबंधाचा विषय निवडणं हे काही काम आहे का हो? निबंध लिहिणं हे काम, तपासणं हे त्याहून मोठं काम. विषय निवडणं म्हणजे दुकानात जाऊन साबणाची वडी उचलण्यासारखं. हात पुढे करायचा, उचलायची, निघायचं. जेवताना मी घरात हे अगदी असंच जाहीर केलं आणि वर म्हणालो, "बाकीचे विद्यार्थी महिनाभर डोकं धरून बसलेत. मी उद्या ऑफिसला जाता जाता निवडून टाकतो."

बाकीचे विद्यार्थी माझी मुलं शोभतील अशा वयाचे आहेत. मी चाळिशी ओलांडलेला, पाणीखात्याच्या तक्रार विभागात बसणारा माणूस. लोकांच्या नळाला पाणी येत नाही आणि ते का येत नाही हे मी त्यांना नम्रपणे समजावत नाही, असं एकंदर माझ्या कामाचं स्वरूप. दोन तक्रारींच्या मध्ये वेळ बरा मिळतो. त्या वेळेत साहित्याची पदवी काढावी असं मनात आलं आणि बहिःस्थ विद्यार्थी म्हणून नाव घातलं. शेवटच्या वर्षाला एक मोठा निबंध असतो: एका अभिजात कादंबरीतली प्रतीकं आणि आशयसूत्र. विषय आपण निवडायचा, सरांनी मान्य करायचा. सोमवारपर्यंत मान्य झाला नाही तर परीक्षेला बसायला मिळणार नाही.

घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचा घोळ समजेल. बायको लॅबमध्ये रक्त काढते. घरीही तिची तीच पद्धत आहे. आधी गोड बोलते, मग दंड घट्ट धरते, आणि तुम्ही दुसरीकडे बघत असताना काम झालेलं असतं. आत्या आमच्याकडे राहते. आणि माझी थोरली बहीण, ताई. तिचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि ताई नुकती कॉलेजात गेली होती. तेव्हापासून हे घर तिच्याच हातावर उभं आहे. लग्न तिनं केलं नाही. का नाही केलं हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि उत्तर मला थोडंफार माहीत असल्यामुळे विचारावंसंही वाटलं नाही.

आत्याची हिंमत मात्र दांडगी. मागे तिनं एका लग्नाळू गृहस्थाला डोळे तपासायच्या निमित्तानं थेट ताईच्या दुकानात पाठवलं. ताईनं त्याला खुर्चीत बसवलं, भिंगं बदलली, तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली. त्यावर तो म्हणाला, "त्यापेक्षा तुम्हीच जास्त स्पष्ट दिसताय." ताईनं त्याला दुकानाबाहेर काढलं, संध्याकाळी घरी येऊन कपडे भरले आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला गेली. ते दिवस मला अजून आठवतात. घरातला फ्यूज उडाला तर तो कुठे असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. आत्यानं रडून माफी मागितली, तेव्हा ताई परत आली. येताना एक अट घालून आली. या घरात 'स्थळ' हा शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून निघाला, तर ती जाणार आणि परत येणार नाही.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद. पत्ता सांगतानासुद्धा आम्ही 'ठिकाण' म्हणतो.

आता विषयाकडे येतो. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी विषय निवडला. कादंबरीत एक नदी आहे, नदीकाठी एक रिकामं घर आहे, गावात नायिका आहे, आणि नायक अधूनमधून येऊन काहीतरी राहिल्यासारखा परत जातो. मी पाणीखात्यातला माणूस. मी नदीच घेणार! दुपारी सरांना फोन केला.

"नदी सगळ्यांनी घेतली," सर म्हणाले. "यंदा त्या नदीत पाय ठेवायला जागा नाही."

सर फार सावकाश बोलतात. एकेक शब्द असा ठेवतात की तो उचलायला आपण वाकावं. मी खचलो नाही. दुसऱ्या दिवशी 'कंदिलाचं प्रतीक' सुचवलं. नायिकेच्या हातातला तो मिणमिणता कंदील, ती विझत चाललेली आशा, वगैरे वगैरे. सरांनी शांतपणे सांगितलं की कादंबरीत कंदील कुठेच नाही. तो मुखपृष्ठावर आहे. मग मी नायकाच्या काठीकडे वळलो. काठी म्हणजे परंपरेचा आधार, असं बरंच बोललो. सर म्हणाले, "काठी प्रतीक नाही. तो लंगडा आहे."

शुक्रवार उजाडला. जेवताना बायकोनं गोड आवाजात विचारलं की साबणाची वडी मिळाली का. मी बेसिनकडे निघून गेलो.

संध्याकाळी मी सरांना परत फोन लावला आणि सरळ हात टेकले. आमच्या घरात फोनला रेंज फक्त गॅलरीत, तीही ओरडून बोललं तर. सरांना दया आली असावी. म्हणाले, "सगळे पात्रांच्या आणि वस्तूंच्या मागे लागतात. स्थळाकडे कुणी बघत नाही. तुम्ही स्थळ बघा. ते घर. ज्याच्याभोवती सगळं घडतं ती जागा."

घर! माझ्या डोक्यात दिवाच लागला. ते घर मला पहिल्यापासून आवडलं होतं. रात्री मी कादंबरी पुन्हा चाळली आणि शनिवारी सकाळी गॅलरीत उभा राहून, उजव्या कानाला फोन आणि डावा कान बोटानं बंद, असा सरांवर ओरडलो.

"सर, स्थळ बघितलं. मला एकदम पसंत आहे! ... हो, जुनं आहे, पण पाया भक्कम. ... वरचं छप्पर गेलंय, ते मान्य. आणि उजवीकडे जरा कललंय. ... नाही, आता एकटंच आहे. पूर्वीचं बिऱ्हाड राहिलं नाही. ... तेच म्हणतो मी. इतकं चांगलं स्थळ आजवर कुणाच्या नजरेला कसं पडलं नाही?"

बंद शब्दाची मला आठवण झाली का? अजिबात नाही. माझ्या दृष्टीनं तो शब्द आता साहित्यातला होता. डोक्यात साहित्य शिरलं की घरातल्या साध्या गोष्टी बाहेर पडतात, हा माझा अनुभव आहे आणि बायकोचाही.

गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला आत्या वाळलेले कपडे काढत होती. चादरीमागे असल्यामुळे मला ती दिसली नाही. तिला मात्र सगळं ऐकू गेलं. एरवी तिला दाराची बेल ऐकू येत नाही.

दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. "स्थळ बघितलंस म्हणे," ती कुजबुजली. मी खूश झालो. आमच्या घरात माझ्या अभ्यासाची चौकशी करणारं हे पहिलं माणूस! आता तुम्ही विचाराल की ती कुजबुजत का होती हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही. मला वाटलं, अभ्यासाच्या खोलीत लोक हळू बोलतात, तसं.

"मला फार आवडलं," मी म्हणालो.

"वय काय?"

"असेल शंभर-सव्वाशे."

"चेष्टा पुरे. साठीच्या आत आहे ना?"

मला वाटलं ती पानांबद्दल विचारतेय. घराचं सगळं वर्णन पहिल्या साठ पानांत आटोपतं. "साठच्या आतच," मी म्हणालो. "पुढे फारसं काही नाही."

आत्यानं समजूतदारपणे मान हलवली. "आणि आधीची?"

"पहिली मालकीण जिन्यावरून पडून गेली. तेव्हापासून आत कुणाचं पाऊल नाही."

आत्याचे डोळे पाणावले. इतकी वर्षं मी हिला फक्त मालिका बघणारी बाई समजत होतो, याची मला शरम वाटली. तिनं डोळे पुसले आणि आवाज आणखी खाली आणला. "काही खोड?"

"आत जरा ओल असते."

"रोज?"

"छे, हवेवर असतं. पावसाळ्यात वाढते."

"असू दे," आत्या म्हणाली. "इतकं तर आजकाल सगळीकडे असतं. कुठे बघायला मिळेल?"

"सरांकडे. खरं सांगू का, सर आणि ते स्थळ वेगळं काढताच येणार नाही. आयुष्य घातलंय त्यांनी त्यात. सर म्हणजे तेच, असं धरून चाल."

 आत्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू मोठा झालास, असं काहीसं पुटपुटली आणि जाताना माझा फोन घेऊन गेली. तिला कुणालातरी फोन करायचा होता म्हणे. कुणाला, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर घरात माझा भाव एकदम वधारला. बायकोनं न मागता चहा आणून दिला. "अहो, मला वाटलं नव्हतं तुमच्यात एवढी धमक असेल," ती म्हणाली. एका निबंधाच्या विषयाला धमक हा शब्द जरा जड होता, पण कौतुक परत करायची मला सवय नाही. ताईंना कधी सांगणार, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, त्यात सांगायचं काय, पक्कं झालं की कळेलच. बायको माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी वाघाच्या पिंजऱ्यात हात घालून परत आलोय.

संध्याकाळी सरांचा निरोप आला. विषय चांगला आहे, पण नुसतं कौतुक नको. आधी दोष मांडा, मग गुणांकडे या, तरच विषय मान्य करतो. मी लगेच गॅलरीत गेलो आणि दोषांची यादी म्हणायला लागलो. दोष काढण्यात मी ऑफिसमध्ये मुरलेलो आहे, त्यामुळे रंगात यायला वेळ लागला नाही.

"ऐका सर. एक तर एकटं. वय झालंय. खिडक्या कधी उघडत नाही. कुणी आपुलकीनं आलं की दार लावून घेतं. एके काळी शोभा होती म्हणतात, पण आता कोण बघतंय? खरं म्हणजे मला त्याची दया येते. ... नाही सर, तुम्ही हे स्थळ दुसऱ्या कुणाला देऊ नका! सोमवारच्या आत पक्कं करू. एकदा हे मार्गी लागलं की मी सुटलो!"

फोन ठेवून वळलो तर दारात ताई. दुकान लवकर बंद करून आली होती. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. मी हसून विचारलं, कधी आलीस? ती म्हणाली, "आत्ताच. आपलं चालू द्या."

ताई मला 'आपण' म्हणायला लागली की समजावं, काहीतरी भयंकर झालंय. मी मात्र समजलो, शिकणाऱ्या माणसाला मान देतेय.  रात्री जेवून तिनं स्वतःचं ताट स्वतः धुतलं, माझं तसंच ठेवलं. तिच्या खोलीत कपाट उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते. माझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिनं आवरायला आत्ताच घेतलं असावं, असा मी अर्थ लावला आणि शांत झोपलो. प्रतीकांचा अर्थ लावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

रविवारी चार वाजता बेल वाजली. दार उघडलं तर सर! इस्त्रीचा शर्ट, हातात कादंबरी. मी त्यांना आजवर फक्त संपर्कवर्गात, टेबलामागे बसलेलं पाहिलं होतं. उभं राहिलेलं पहिल्यांदाच बघत होतो. उंच, डोक्यावर एकही केस नाही, आणि वर्षानुवर्षं पुस्तकांची पिशवी एकाच खांद्यावर वाहिल्यामुळे उजवीकडे चांगलेच कललेले. माझ्या मागे आत्या येऊन उभी होती. तिनं बायकोला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "अगदी सांगितलं होतं तसंच."

मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. सर स्वतः माझ्या घरी विषय मान्य करायला आले! आत्यानं फोन करून त्यांना 'स्थळाबद्दल बोलायला घरीच या' असं बोलावलं होतं, हे मला नंतर समजलं. सरांना इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही विद्यार्थ्याच्या घरच्यांनी अभ्यासाबद्दल बोलायला बोलावलं नव्हतं. ते भारावून गेले होते.

बायकोनं कपाटातले चांगले कप काढले. सर सोफ्यावर बसले, म्हणजे सोफ्याच्या उजव्या हातावर रेलले. आत्या समोर बसली. चहाचा पहिला घोट घेऊन सर म्हणाले, "तर मग, स्थळाबद्दल बोलू."

"आमच्याकडून काही हरकत नाही," आत्या म्हणाली.

"हरकतीचा प्रश्न नाही. प्रश्न पेलण्याचा आहे. वरवर बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही."

आत्यानं त्यांच्या डोक्याकडे नजर जाऊ न देण्याचा प्रयत्न केला. "वरचं आम्ही बघतच नाही," ती म्हणाली. "आणि ओलीचंही आम्हाला ह्यानं आधीच सांगितलंय. आमची त्यालाही ना नाही."

सरांचा चेहरा उजळला. "ओल? ओल हा तर माझा सगळ्यात आवडता भाग! आज सकाळपासून मी त्यातच बुडालेलो आहे."

आत्यानं कप खाली ठेवला. बायकोनं सरांचे डोळे निरखून पाहिले. लॅबमध्ये काम केल्यामुळे पिणाऱ्याचे डोळे तिला ओळखता येतात. मी मात्र आनंदात होतो. माझ्या घरात साहित्यावर चर्चा चालू होती आणि ती इतकी खोल होती की मलाही तिचा थांग लागत नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि ताई बाहेर आली. तिच्या हातात बॅग होती. तीच, दुकानाच्या वरच्या खोलीत गेलेली. तिनं सरांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, चांगल्या कपांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळली.

"मला एक सांग," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मी गेले की तू खरंच सुटशील?"

मला काही उमगेना. मी नुसताच हसलो. असं हसण्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

"काल गॅलरीत म्हणालास ना. एकटं आहे, वय झालंय, खिडक्या उघडत नाही, कुणी आपुलकीनं आलं की दार लावून घेतं. दया येते म्हणालास. एकदा मार्गी लागलं की मी सुटलो म्हणालास. मी दारात होते. सगळं खरं होतं रे. म्हणूनच काही बोलले नाही. पण सुटायचं होतं तर मला सांगायचंस. परक्या माणसांना फोन करून कशाला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो दिवा नव्हता, वीज होती.  जिनं मला वाढवलं तिचं वर्णन मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं केलं होतं, असं ती काल संध्याकाळपासून समजत होती. आणि मी शांत झोपलो होतो.  गेले चार दिवस न थांबता बोलणारं माझं तोंड, आणि नेमकं आत्ताच बंद!

शेवटी सर बोलले. सावकाशच बोलले, पण कुणाचंही बोलणं मला आयुष्यात कधी इतकं लांबल्यासारखं वाटलं नव्हतं. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ते वर्णन एका घराचं आहे. या कादंबरीतल्या." त्यांनी पुस्तक पुढे केलं. "साहित्यात, जिथे कथा घडते त्या जागेला स्थळ म्हणतात."

 आत्यानं सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे तुम्ही स्थळ नाही?"

"मी अध्यापक आहे," सर म्हणाले. आपल्याला इथे कशासाठी बोलावलं होतं ते त्यांना आत्ता समजलं असावं, कारण त्यांनी हातातलं बिस्कीट हळूच बशीत परत ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. बायको स्वयंपाकघरात काहीतरी बघायला म्हणून गेली ती बराच वेळ आलीच नाही.

ताई पुस्तकाकडे बघत होती. "म्हणजे ते पडकं, एकटं..."

"घर आहे, ताई. नुसतं घर."

"त्याचं शेवटी काय होतं?"

मी सांगायला लागलो. "पूर येतो. सगळ्या गावात पाणी भरतं. मग सगळे त्या घराकडे धावतात. ज्यांनी त्याला पडकं म्हटलं, भुताचं म्हटलं, ते सगळे मुलाबाळांना घेऊन त्याच्याच माडीवर चढतात. दोन दिवस पाणी उतरत नाही. आणि ते घर पडत नाही, ताई. कललेलं असतं, पण सगळ्यांना घेऊन उभं राहतं."  आई गेली त्यानंतरचे दिवस मला आठवत होते. ताई सकाळी माझा डबा भरायची, माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची, आणि मग कॉलेजला न जाता चष्म्याच्या दुकानात शिकायला जायची. "मला सगळ्या कादंबरीत ते घरच आवडलं. का आवडलं ते आत्ता समजतंय. तू होतीस म्हणून आम्ही बुडालो नाही."

ताईनं बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिचे डोळे भरले होते, पण ताई आहे ती. "मग हे का नाही सांगितलंस फोनवर?"

"ते दुसऱ्या भागात येणार होतं. आधी दोष, मग गुण. सरांनीच तसं सांगितलं होतं."

ताईनं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

"गुण आधी सांगत जा," ती म्हणाली. "दारात कोण उभं असतं ते आपल्याला माहीत नसतं." तिनं बॅग खाली ठेवली. "मी राहते. पण त्या घरावर तू निबंध लिहायचा नाहीस. मला रोज गॅलरीतून माझी ओल ऐकायची नाही."

"सोडलं," मी म्हणालो. क्षणाचाही विचार केला नाही. माझ्या हातून झालेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींत मी ही एक धरतो.

"उद्या शेवटची तारीख आहे," सरांनी आठवण करून दिली.

"माहीत आहे सर."

"दुसरा विषय आहे?"

"नाही."

ताई खाली बसली आणि तिनं स्वतःसाठी चहा ओतून घेतला.  माझी पदवी समोरच्या भिंतीवर टांगली जायची होती, तिथे मी बघत बसलो. सरांनी बशीतलं बिस्कीट परत उचललं, चहात बुडवलं आणि विचारात पडले. त्यांची नजर हळूहळू माझ्यावर येऊन थांबली. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"तुम्ही नायिकेचा भाऊ घ्या," ते म्हणाले.

मी गोंधळलो. "तिला भाऊ आहे?"

"बघा. तुम्हालासुद्धा आठवत नाही. पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत आहे. सारखा बोलत असतो. त्याच्या बोलण्यानं घरात गैरसमज होतात आणि ते दुसऱ्यांना निस्तरावे लागतात. पूर येतो तेव्हा तो झोपलेला असतो. त्याच्यावर आजवर कुणी लिहिलेलं नाही."

"का बरं?"

"लिहिण्यासारखं काही नाही म्हणून."

मी वही उघडली. काहीही झालं तरी विद्यार्थी आहे. "आणि तो कशाचं प्रतीक आहे, सर?"

सरांनी बराच विचार केला. "कशाचंच नाही," ते म्हणाले. "काही माणसं घरात नुसतीच असतात. पण तुम्हाला हा विषय जमेल. वेगळा अभ्यास करावा लागणार नाही."

आधी स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज आला, मग ताई फिस्सकन हसली. चहा नाकात जाईपर्यंत हसली. सरांकडे बघून हसली, माझ्याकडे बघून तर जास्तच हसली. मला अपमान वाटायला हवा होता, पण ती हसतेय हे बघून इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. सरांनी खिशातून पेन काढून विषयाखाली सही केली.

आत्यानं कप गोळा करायला घेतले आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"चला," ती म्हणाली, "एकदाचं कुणाचं तरी जमलं."